हुकूम कुणाचा मानायचा? रिमोट कंट्रोलची सव्वाशे वर्षं



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, मोहिमा आणि फौजेच्या दळणवळणाबद्दल बोलतो. आजचा विषय आहे टीव्हीचा रिमोट. त्यातही युनिव्हर्सल रिमोट, म्हणजे घरातली टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार अशी सगळी उपकरणं चालवणारा एकच रिमोट. तो निवडायचा कसा?

हा विषय दुकानदाराचा आहे, इतिहासाचा नाही, असं तुम्ही म्हणाल. मी नोकरीची वर्षं फौजेच्या सिग्नल्स कोअरमध्ये काढली आणि मला हा विषय पुरता इतिहासाचा वाटतो. एकच रिमोट घेताना ज्या अडचणी येतात, त्यातली जवळजवळ प्रत्येक अडचण कुणीतरी एके काळी विचार करून, मुद्दाम घालून ठेवली आहे. ती का घातली हे कळलं की निवड सोपी होते. सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे: यंत्रानं हुकूम कुणाचा मानायचा?

टाउन हॉलमधला स्फोट

मी बालीगंजमधून बोलतो आहे. ही दक्षिण कोलकात्यातली जुनी वस्ती. मुंबई इलाख्यात तीसेक वर्षं नोकरी केलेले पहिले भारतीय आयसीएस अधिकारी सत्येंद्रनाथ ठाकूर निवृत्तीनंतर इथेच राहायला आले होते. इथल्या गुरुसदय रोडवर २ मे १९५९ रोजी बिर्ला औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालय सुरू झालं. मुलांना घेऊन कोलकात्याला आलात तर ते चुकवू नका. पण आजची गोष्ट सुरू होते ती इथून काही किलोमीटरवर, राजभवनाशेजारच्या टाउन हॉलमध्ये.

साल १८९५. प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी तिथे एक जाहीर प्रयोग केला. विद्युतचुंबकीय लहरी असतात हे हर्ट्झनं जर्मनीत १८८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं होतं. बोसांनी अगदी आखूड, मिलिमीटरमध्ये मोजायच्या लहरी तयार केल्या. श्रोत्यांत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अलेक्झांडर मॅकेंझी होते, आणि ते अंगानं चांगलेच भरलेले होते. बोसांनी पुढे आपल्या बंगाली लेखात गमतीनं लिहून ठेवलं आहे की लहर साहेबांच्या देहातून आणि दोन बंद खोल्यांमधून आरपार गेली. तिसऱ्या खोलीत तिनं लोखंडी गोळा फेकला, पिस्तूल उडवलं आणि बंदुकीच्या दारूचा ढीग उडवून दिला. तो लेख १९२१ च्या ‘अव्यक्त’ या पुस्तकात आहे.

रेडिओचा शोध कुणाचा, मार्कोनीचा की बोसांचा, हा वाद आपण पुष्कळ ऐकतो. आज तो बाजूला ठेवू. मला इथे दुसरी गोष्ट दिसते. त्या दिवशी लहरीनं निरोप पोचवला नाही, काम केलं. इकडे माणसानं कळ दाबली आणि तिकडे, भिंतीपलीकडे, मध्ये तार नसताना यंत्र हललं. यालाच आपण रिमोट कंट्रोल म्हणतो. आपल्या देशातलं त्याचं पहिलं जाहीर काम सुरुंग उडवण्याचं होतं, हे माझ्यासारख्या फौजी माणसाला विसरता येत नाही.

त्या यंत्राला मात्र स्वतःची अक्कल नव्हती. लहर आली की ते चालत असे. लहर बोसांची आहे की आणखी कुणाची, हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. प्रयोगात त्यानं काही बिघडत नव्हतं. जगात एवढ्या लहरी पाठवणारं तेव्हा होतंच कोण?

टेस्लाची बोट आणि युद्धातला धडा

१८९८ साली निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट चालवून दाखवली. बोटीवर माणूस नाही, तार नाही. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला तिचं पेटंट मिळालं. ही कल्पना युद्धात उपयोगी पडेल असं त्याला वाटत होतं आणि अमेरिकी सरकारनं ती घ्यावी यासाठी त्याची खटपट होती.

युद्धाचा विचार आला की लगेच पुढचा प्रश्न येतो. माझी बोट मी चालवतो आहे. शत्रूनंही तशीच लहर सोडली तर? टेस्लालाही हे सुचलं होतं. १९०३ साली मिळालेल्या पेटंटांमध्ये त्यानं उपाय मांडला: दोन वेगवेगळ्या लहरी एकत्र आल्या तरच यंत्रानं हुकूम मानायचा, एकटीदुकटी लहर आली तर गप्प बसायचं. दोन किल्ल्यांच्या कुलपासारखंच हे झालं.

हा प्रश्न कागदावरचा नव्हता, हे दुसऱ्या महायुद्धात दिसलं. ९ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन विमानांनी रेडिओनं दिशा देता येणारे बॉम्ब टाकून ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका बुडवली. दोस्तांनी त्या बॉम्बना हुकूम कोणत्या लहरींवर जातात ते शोधून काढलं आणि त्या लहरी जॅम करणारी यंत्रं आपल्या जहाजांवर बसवली. सिग्नल्समध्ये आम्हाला पहिल्यापासून शिकवतात की हुकूम पोचणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो योग्य माणसाकडून, योग्य माणसालाच पोचणं महत्त्वाचं. म्हणून कॉल साइन असते, सांकेतिक शब्द असतात, आणि निरोप मिळाल्याची उलट पावती असते.

या तीन गोष्टी ध्यानात ठेवा: कॉल साइन, सांकेतिक भाषा आणि पावती. आता आपण दिवाणखान्यात येणार आहोत आणि तिथेही याच तिघी भेटणार आहेत.

सूर्य आणि किल्ल्यांचा जुडगा

अमेरिकेत झेनिथ कंपनीनं १९५० साली टीव्हीसाठी रिमोट काढला. त्याला लांब तार होती, आणि लोक तिच्यात पाय अडकून पडत. १९५५ साली याच कंपनीच्या युजीन पॉली यांनी तार काढून टाकली. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे डोळे बसवले आणि हातात विजेरीसारखं यंत्र दिलं. ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल तसं काम: एकानं आवाज बंद, दुसऱ्यानं वाहिनी बदलायची. युक्ती झकास होती. पण दुपारचं ऊन खिडकीतून टीव्हीवर पडलं की वाहिन्या आपोआप बदलत. टीव्ही सूर्याचाही हुकूम मानत होता.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, रॉबर्ट ॲडलर यांनी आवाजाचा मार्ग काढला. रिमोटमध्ये ॲल्युमिनियमच्या चार कांड्या. बटण दाबलं की आत हातोडी कांडीवर आपटे आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा उंच स्वर निघे. त्यात सेलसुद्धा लागत नसे. ही पद्धत सुमारे पाव शतक टिकली. तिचीही खोड तीच: किल्ल्यांचा जुडगा किंवा खिशातली नाणी खुळखुळली तरी कधीकधी वाहिनी बदलायची.

या सगळ्यात उणीव एकच होती. यंत्राला खूण कळत होती, खूण करणारा कळत नव्हता.

भिंतीपाशी थांबणारा प्रकाश

उत्तर सापडलं ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढे, इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त प्रकाशात. रिमोटच्या टोकावरचा छोटा दिवा साधारण ९४० नॅनोमीटर लांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी सोडतो. तो नुसता पेटत नाही. सेकंदाला छत्तीस ते चाळीस हजार वेळा लुकलुकतो. ऊन असं लुकलुकत नाही, म्हणून टीव्ही उन्हाला फसत नाही. या लुकलुकण्याचे छोटे-मोठे तुकडे पाडून त्यात आकडे पाठवले जातात.

हे आकडे म्हणजे आमची कॉल साइनच. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत आधी पत्ता येतो, म्हणजे हा हुकूम टीव्हीला आहे की व्हिडिओ यंत्राला. असे ३२ पत्ते, आणि प्रत्येक पत्त्याला ६४ हुकूम. जपानी एनईसी पद्धतीत पत्ता आणि हुकूम प्रत्येकी दोनदा जातो, एकदा सरळ आणि एकदा उलटा करून. दोन्ही जुळले तरच यंत्र ऐकतं. सोनीची तिसरीच पद्धत. गतीही वेगळ्या: फिलिप्सची ३६ हजार, एनईसीची ३८ हजार, सोनीची ४० हजार.

इथे एक गंमत पाहा. बोसांची लहर भिंतीपलीकडे गेली हे त्यांचं यश होतं. घरातल्या रिमोटचा प्रकाश भिंतीपाशी थांबतो, हे त्याचं यश. कोलकात्याच्या जुन्या इमारतीत किंवा मुंबईच्या चाळीत भिंतीला भिंत लागून घरं. शेजाऱ्यानं क्रिकेट लावलं म्हणून तुमची मालिका बंद पडत नाही, याचं श्रेय या थांबण्याला आहे. आणि टीव्हीचा आवाज वाढवताना शेजारचं संगीतयंत्र गप्प राहतं, याचं श्रेय वेगवेगळ्या पत्त्यांना आणि भाषांना. आज टीपॉयवर पाच रिमोट पडलेले पाहून आपण वैतागतो, पण ते वेगळेपण हा बंदोबस्त होता.

आपल्याकडे रिमोट आला कसा

आपल्याकडे रिमोटची गरजच उशिरा पडली. दूरदर्शन दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालं, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि कोलकात्यात ९ ऑगस्ट १९७५ रोजी टॉलीगंजच्या राधा स्टुडिओतून. वाहिनी एकच. बदलायचं काय? उठून एक खटका फिरवला की झालं. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं. १९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आणि गल्लीतला केबलवाला आला, आणि मग रिमोट चैनीचा न राहता गरजेचा झाला.

दुसरा रिमोट सरकारी निर्णयानं आला. केबलचं डिजिटलीकरण करताना दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांना ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती; कोलकात्यात अंमलबजावणीला त्याहून थोडा जास्त वेळ लागला. घराघरात सेट-टॉप बॉक्स बसला आणि टीव्हीचा रिमोट नुसता चालू-बंद करण्यापुरता उरला. मग साउंडबार आला, इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी काडी आली. रिमोट चार झाले, एसी धरून पाच.

यात खरं नुकसान कुणाचं होतं? आमच्या बालीगंजमध्ये, तसंच दादरला किंवा कोथरूडला, अशी कितीतरी घरं आहेत जिथे मुलं बंगळुरूला किंवा परदेशात आणि घरी ऐंशीच्या पुढचे आई-वडील. माझ्या शेजारी अशाच एक माशीमा राहतात. मुलानं प्रेमानं सगळी उपकरणं आणून बसवली. संध्याकाळी चुकीचं बटण दाबलं जाऊन पडदा निळा झाला की त्या दरवानाला हाक मारतात, तो नसला तर कामाच्या बाईची वाट पाहतात. एकदा मला म्हणाल्या, “बाबा, मला शंभर वाहिन्या नकोत. सातच्या बातम्या कुणाला हाक न मारता लावता आल्या पाहिजेत.”

मंडळी, रिमोटचा सगळा इतिहास हुकूम कुणाचा मानायचा याचा आहे, आणि इथे घरची मालकीणच हुकूम देऊ शकत नाही. युनिव्हर्सल रिमोट निवडताना मोजमाप हेच ठेवायचं.

दुभाषा निवडताना

पहिले युनिव्हर्सल रिमोट अमेरिकेत १९८५ च्या सुमारास आले, आणि ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनीही १९८७ मध्ये एक काढला. हा रिमोट म्हणजे दुभाषा. दुभाषा ठेवताना आपण त्याचा पोशाख बघत नाही, त्याला कोणत्या भाषा येतात ते बघतो. म्हणून बटणं किती हा प्रश्न शेवटी.

पहिलं काम: उपकरणं कोणत्या माध्यमावर चालतात ते पाहा. रिमोटचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर फिकट जांभळा किंवा पांढरा ठिपका लुकलुकला तर तो इन्फ्रारेड. काहीच दिसलं नाही, आणि रिमोट उशीखाली ठेवूनही चालत असेल, तर तो बहुधा ब्लूटूथ, म्हणजे पुन्हा रेडिओ. माइकचं बटण असलेले बरेच रिमोट या जातीचे असतात. ब्लूटूथमध्ये यंत्र आणि रिमोट यांची आधी ओळख करून दिलेली असते, आणि बोलणं गुप्त भाषेत चालतं. साधा इन्फ्रारेड युनिव्हर्सल रिमोट तिथे मुका.

दुसरं: त्याला भाषा कळते कशी? काही रिमोटमध्ये कंपन्यांच्या संकेतांची यादी आधीच भरलेली असते. मोठ्या कंपन्यांच्या टीव्हीला ती पुरते; स्थानिक केबलवाल्याच्या बॉक्सचा संकेत तिच्यात असेलच असं नाही. त्यासाठी शिकणारा रिमोट घ्या. त्याच्यासमोर मूळ रिमोट धरून एकेक बटण दाबलं की तो नक्कल करून ठेवतो. मूळ रिमोट सेल काढून कपाटात जपून ठेवा. तो अस्सल दस्तऐवज आहे. आणि सेल बदलल्यावर नव्या रिमोटची शिकवण पुसली जाते का, हे दुकानातच विचारा.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठं: पावती. इन्फ्रारेड रिमोट हुकूम सोडतो, त्याला उत्तर मिळत नाही. टीव्ही खरंच चालू झाला का, हे त्याला कधीच कळत नाही. बऱ्याच उपकरणांत चालू आणि बंद यांना संकेत एकच असतो. म्हणून ‘एका बटणात सगळं चालू’ अशी सोय घेतलीत आणि टीव्ही आधीच चालू असला, तर बॉक्स चालू होईल आणि टीव्ही बंद पडेल. म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकणारी ही पहिली जागा. चालू आणि बंद यांचे संकेत वेगळे असतील तरच ही सोय वापरा.

एसीचं गणित उलटं आहे. त्याचा रिमोट प्रत्येक वेळी सगळी स्थिती एकदम पाठवतो: थंडावा, पंखा, २४ अंश, सगळं. म्हणून शिकणाऱ्या रिमोटला एसीचं एक बटण शिकवलंत तर तो ती एकच स्थिती शिकतो, आणि काहींच्या स्मरणात एवढा लांब संदेश मावतही नाही. एसीचा रिमोट वेगळाच ठेवलेला बरा.

चौथं: ज्याची अक्कल कंपनीच्या सर्व्हरवर आहे असा महागडा रिमोट घेताना पुढच्या दहा वर्षांचा विचार करा. लॉजिटेकनं हार्मनी या नावाजलेल्या रिमोटचं उत्पादन २०२१ मध्ये थांबवलं. यंत्र मजबूत असलं तरी त्याची रसद दुसऱ्याच्या हातात असते.

आणि पैसे खर्च करण्याआधी एक फुकटचा उपाय. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या एचडीएमआय जोडणीत सीईसी नावाची सोय आहे. टीव्हीला जोडलेली उपकरणं त्याच तारेतून एकमेकांशी बोलतात. प्रत्येकाला पत्ता असतो, टीव्हीचा पत्ता शून्य, साउंडबारचा पाच, आणि संदेश मिळाल्याची पावती परत येते. कॉल साइन, ठरलेली भाषा, पावती, तिन्ही आल्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती ॲनिनेट, सिम्पलिंक, ब्राव्हिया सिंक अशा नावांनी लपलेली असते. ती चालू केली की पुष्कळ घरांत टीव्हीच्या रिमोटनंच साउंडबारचा आवाज आणि त्या काडीचे बाण चालतात. केबलचा बॉक्स मात्र अनेकदा या गप्पांत सामील होत नाही.

माशीमांकडे आम्ही हेच केलं. सीईसी चालू केली. मोठ्या बटणांचा, शिकणारा, साधा रिमोट आणला. त्याला मोजकी बटणं शिकवली: टीव्ही, बॉक्स, आवाज वर-खाली, वाहिनी पुढे-मागे. बॉक्स चालू झाल्यावर बातम्यांच्या वाहिनीवरच उघडेल असं त्याच्या सेटिंगमध्ये ठरवलं. मूळ रिमोट एका डब्यात घालून वर चिठ्ठी लावली. मुलानं बसवलेल्या सगळ्या सोयी या रिमोटवरून चालत नाहीत. त्या चालाव्यात असं माशीमांचं म्हणणंही नव्हतं.

तुमच्या घरी वडीलधारं कुणी असेल तर या रविवारी एवढं करा. रिमोट घेण्याआधी त्यांच्या शेजारी बसा आणि संध्याकाळभर ते कोणती बटणं खरोखर दाबतात ते मोजा. मग तेवढीच बटणं असलेला रिमोट शोधा.

पुढच्या भागात पुन्हा नकाशे आणि मोहिमा. तोवर रजा घेतो. जय हिंद.